चारशे मीटरची तपासणी: आपल्या वस्तीत चालणं कुठे तुटतं ते कसं शोधायचं

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराची हालचाल करावी. ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी हे प्रमाण दिवसाला सरासरी ६० मिनिटं आहे. मुंबईत फार थोड्यांचा हा हिशोब जिममध्ये जुळतो. स्टेशन घरापासून १५ मिनिटांवर असेल आणि माणूस जाता-येता झपझप चालत असेल, तर पाच दिवसांत १५० मिनिटं भरतात. वेगळा वेळ काढावा लागत नाही. पण त्याच वाटेवर फूटपाथ मध्येच संपला, पुढे दुचाक्या लागलेल्या असल्या आणि चौकात सिग्नल पुरला नाही, की तोच माणूस शेअर रिक्षाच्या रांगेत उभा राहतो. वस्तीची रचना माणसाच्या तब्येतीत शिरते ती अशी. ती टेपने आणि घड्याळाने मोजता येते. सोसायटीची कमिटी, एएलएम (अॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट, म्हणजे पालिकेकडे नोंदलेला गल्लीतल्या रहिवाशांचा गट), शाळेतला पालकांचा गट किंवा महिला मंडळ, कोणालाही ही तपासणी पुरी करता येईल.

मोजायचं काय, हे आधी पक्कं करू. १० देशांतल्या १४ शहरांत ६,८२२ प्रौढांच्या अंगावर हालचाल मोजणारी यंत्रं बांधून एक अभ्यास झाला. तो २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात चार गोष्टी हालचालीशी जोडलेल्या आढळल्या: घरांची दाटी, रस्त्यांच्या चौकांची दाटी, सार्वजनिक वाहतुकीचे जवळपासचे थांबे आणि चालत जाण्याच्या अंतरातल्या बागा. या बाबतीत सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट वस्त्यांमधला फरक आठवड्याला ४८ ते ८९ मिनिटांचा निघाला. म्हणजे १५० मिनिटांपैकी एक तृतीयांश ते निम्म्याहून जास्त वाटा. मुंबई त्या १४ शहरांत नव्हती, पण यादी आपल्याला लावून पाहिली तर चित्र स्पष्ट होतं. दाटी आपल्याकडे हवी त्यापेक्षा जास्तच आहे. लोकल आणि बेस्ट आहे. वाणी, डेअरी, दवाखाना आणि क्लास कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत. मुंबई महानगर प्रदेशातल्या निम्म्याहून अधिक फेऱ्या पायी होतात, हे २००८ च्या वाहतूक अभ्यासातही दिसलं होतं. चालायला कारण भरपूर आहे, वाट मात्र तुटकी आहे. म्हणून मुंबईत तपासणी करताना ‘सोयी किती’ यापेक्षा ‘वाट कुठे तुटते’ यावर जास्त वेळ घालवावा, असं आमचं ठाम मत आहे.

नकाशा

आपल्या इमारतीचं गेट मध्यभागी धरून ४०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. साधारण चालीने, म्हणजे मिनिटाला ८० मीटर या वेगाने, हे पाच मिनिटांचं अंतर आहे. १:४००० या प्रमाणात छापलं तर ४०० मीटरचे १० सेंटिमीटर होतात आणि अख्खं वर्तुळ ए-फोर कागदावर बसतं. ऑनलाइन नकाशाचा प्रिंट काढणार असाल तर त्यावरची मोजपट्टी छापून आली आहे का, हे बघा आणि फूटपट्टीने पडताळा. प्रिंटर कागदाला बसवण्यासाठी नकाशा लहान-मोठा करतो, आणि ही चूक हमखास होते.

वर्तुळात रोजची ठिकाणं खुणा करून भरा: बसथांबा, स्टेशनचा जिना, शाळा, भाजीबाजार, किराणा, दवाखाना, मैदान, वाचनालय, देऊळ, मशीद. मग प्रत्येक ठिकाणाचं दोन प्रकारे अंतर काढा: सरळ रेषेतलं आणि प्रत्यक्ष चालावं लागतं ते. दुसऱ्याला पहिल्याने भागा. उत्तर १.३ पर्यंत आलं तर वाट चांगली. दीडच्या पुढे गेलं तर मध्ये काहीतरी आडवं आलेलं आहे, ते शोधून काढा. मुंबईत ते बहुधा चारांपैकी एक असतं: रेल्वेची भिंत, नाला, मोठ्या संकुलाची कंपाउंड वॉल, किंवा कुलूप लावलेलं मागचं गेट. शाळा सरळ रेषेत २५० मीटरवर आणि वाट ६०० मीटरची असेल, तर गुणोत्तर २.४ येतं. त्या शाळेत मुलं व्हॅनने किंवा स्कूटरवर जात असतील तर आईवडिलांना आळशी म्हणण्यात अर्थ नाही.

आता चौक मोजा. तीन किंवा जास्त रस्ते मिळतात तो प्रत्येक बिंदू एक धरा. संकुलांच्या आतले, बाहेरच्यांना बंद असलेले रस्ते मोजू नका. ४०० मीटरच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ जवळजवळ बरोबर अर्धा चौरस किलोमीटर असतं, त्यामुळे आलेल्या आकड्याची दुप्पट केली की दर चौरस किलोमीटरचा आकडा मिळतो. संयुक्त राष्ट्रांच्या हॅबिटॅट संस्थेची शिफारस ८० ते १०० ची आहे. म्हणजे तुमच्या वर्तुळात ४० ते ५० चौक हवेत.

हा आकडा इतका महत्त्वाचा का, हे दादर आणि लोअर परळ शेजारी ठेवून पाहिलं की कळतं. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबई सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंग्याचा भाग आखून वसवला. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स इथे गल्ल्या आखूड आहेत आणि थोड्या-थोड्या अंतरावर वळण मिळतं. एक गल्ली खोदलेली असली तर माणूस शेजारच्या गल्लीने जातो. लोअर परळच्या गिरणगावात एकेका गिरणीचं आवार एवढं मोठं होतं की त्याभोवती वळसा घालणं भाग असे. गिरण्या गेल्या, तिथे टॉवर आणि मॉल आले, पण आवारांच्या भिंती बहुतेक ठिकाणी त्याच जागी राहिल्या. त्यामुळे स्टेशनवरून ऑफिसात जाणारे हजारो लोक मोजक्याच रस्त्यांवर एकवटतात. तिथे फूटपाथ रुंद करून प्रश्न अर्धाच सुटतो. आवारातून पायवाट मिळवणं हा उरलेला अर्धा भाग, आणि पुनर्विकासाचे नकाशे मंजूर होण्याआधी तो मागावा लागतो.

सामान आणि माणसं

पाच मीटरची स्टीलची टेप, खडू, क्लिपबोर्ड, पेन्सिल, एक लिटर पाण्याची बाटली, स्टॉपवॉच असलेला फोन आणि चाकांची एक बॅग. बॅग विसरू नका. ती ओढत नेताना जिथे उचलावी लागते तिथे व्हीलचेअर, बाबागाडी आणि गुडघे दुखणारी आजी अडणार, असं समजून नकाशावर खूण करा.

गटात तीन माणसं कामाला लागतात: एक मोजणारा, एक लिहिणारा आणि एक वाहनांकडे लक्ष ठेवणारा. शिवाय सत्तरीतलं एखादं माणूस, एक स्त्री आणि दहा-बारा वर्षांचं मूल बरोबर घ्या. त्यांना काही मोजायला लावू नका. ते कुठे थबकतात, कुठे रस्त्यावर उतरतात, कुठे हात धरतात, एवढंच टिपा. तरुण पुरुषांच्या गटाने केलेली तपासणी अंधार, निर्जन कोपरे आणि उंच पायऱ्या हमखास नजरेआड करते.

अख्खं वर्तुळ पिंजून काढायला जाऊ नका. त्यात कित्येक किलोमीटर रस्ता असतो आणि गट दुसऱ्या दिवशी फुटतो. तीन वाटा निवडा: स्टेशन किंवा बसथांबा, शाळा आणि बाजार. प्रत्येक वाटेचे चौक ते चौक असे तुकडे पाडा आणि दोन्ही बाजू वेगळ्या लिहा. फेऱ्या चार हव्यात: कामाच्या दिवशी सकाळी ८ ते १०, संध्याकाळी ६ ते ९, रविवारी सकाळी, आणि एक जोरदार पाऊस पडून गेल्यावर लगेच. मे महिन्यात उत्तम वाटणारी वाट जुलैत तळं असू शकते.

फूटपाथ मोजताना

इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत (आयआरसी १०३) तीन आकडे आहेत. तेवढे पाठ करा: मोकळी रुंदी किमान १.८ मीटर, मोकळी उंची किमान २.२ मीटर, कर्बची, म्हणजे फूटपाथच्या कडेच्या दगडाची, उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर.

रुंदी सगळ्यांत अरुंद जागी मोजा. तीन मीटरच्या फूटपाथवर विजेची पेटी बसवून ७० सेंटिमीटर उरले असतील, तर तो फूटपाथ ७० सेंटिमीटरचाच आहे. सरासरी काढली की हे लपतं. अडथळा काय, तेही नेमकं लिहा, कारण प्रत्येकाचा धनी वेगळा: विजेची पेटी वीज कंपनीची, झाडाचं आळं उद्यान विभागाचं, दुकानाचा ओटा दुकानदाराचा, बसथांब्याची शेड बेस्टची, बॅनर राजकीय पक्षाचा. दुचाक्या रोखायला लावलेले खांबही मोजा. व्हीलचेअरला ९० सेंटिमीटर लागतात आणि तेवढ्यातून स्कूटरही जाते. म्हणून खांब अधिक जवळ ठोकण्याची मागणी करू नका. त्याने स्कूटरवाला थांबत नाही, व्हीलचेअरवरचा माणूस मात्र घरी बसतो. दुचाक्या चढतात त्या जागी, म्हणजे गेटचा उतार आणि चौकाच्या टोकाला, कारवाई मागणं हाच मार्ग आहे.

फेरीवाल्यांबद्दल थोडं सविस्तर. भाजीवाली, फुलवाला, चहाची टपरी यांच्यामुळे माणसं घराबाहेर पडतात आणि रात्री रस्ता जागा राहतो. त्यांना ‘अडथळा’ या एकाच रकान्यात टाकणारी तपासणी आम्हाला अपुरी वाटते. त्यांच्यापुढे किती मोकळी रुंदी उरते, ते मोजा. १.८ मीटर उरत असेल तर तक्रार करण्यासारखं काही नाही. उरत नसेल तर जागेची आखणी मागा. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यासाठी नगर पथविक्रेता समितीची तरतूद केली आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानुसार रेल्वे स्टेशन आणि पालिका मंडयांपासून १५० मीटर, तर शाळा, रुग्णालयं आणि धार्मिक स्थळांपासून १०० मीटरच्या आत फेरी लावता येत नाही. त्यामुळे स्टेशनलगतचा आणि गल्लीतला प्रश्न एकाच अर्जात मिसळू नका.

कर्ब दोन तऱ्हांनी बिघडतो. रस्त्यावर थरावर थर चढले की कर्ब बुडतो आणि गाड्या सहज वर येतात. पाणी साचतं म्हणून फूटपाथ उचलला की २५-३० सेंटिमीटरची पायरी होते आणि वयस्कर माणूस रस्त्यावरूनच चालणं पसंत करतो. चौकात फूटपाथ उतरतो तिथे उतार १:१२ असावा, म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीसाठी १.८ मीटर लांबी. प्रत्यक्षात सिमेंटचा एक गोळा थापलेला आढळतो. त्याची लांबी-उंची मोजून लिहा.

पेव्हर ब्लॉक का उखडतात, हे समजून घेतलंत तर अर्ज नेमका लिहिता येतो. ब्लॉकखाली साधारण ३ सेंटिमीटर वाळूचा थर असतो आणि कडेचा कर्ब त्याला धरून ठेवतो. कर्ब सैल झाला की पावसात वाळू वाहते, ब्लॉक डुगडुगतो, मग निघतो. दुसरं कारण चर. केबल किंवा पाइप टाकून माती थरांत न ठोकता एकदम लोटलेली असते; पहिल्या पावसात ती खचते आणि लांबट खळगा तयार होतो. तिसरं, चालणाऱ्यांसाठीचा ६० मिलिमीटर जाडीचा ब्लॉक गाड्या जाणाऱ्या गेटसमोरही वापरलेला असतो. तिथे ८० चा हवा. नुसतं ‘फूटपाथ खराब आहे’ असं लिहिलं तर कंत्राटदार तेच ब्लॉक पुन्हा मांडून जाईल. ‘चर खचला आहे, खालचा भराव ठोकून घ्या’ असं लिहा.

पाण्याच्या उताराची परीक्षा बाटलीने होते. फूटपाथवर पाणी ओता. ते रस्त्याच्या बाजूला वाहून गेलं पाहिजे, १.८ मीटर रुंदीत साधारण साडेतीन सेंटिमीटरचा उतार पुरतो. पाणी इमारतीकडे किंवा झाडाच्या बुंध्याकडे वळून थांबत असेल तर शेवाळं धरणार आणि माणसं घसरणार. खोडाभोवती मात्र किमान एक मीटर माती मोकळी हवी. तिथपर्यंत काँक्रीट भरलेलं असेल तर तेही नोंदवा.

स्टेशनचा जिना वाटेत असेल तर तोही मोजा, आणि गर्दीच्या वेळी, पावसात मोजा. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. सकाळची गर्दी होती, बाहेर पाऊस होता आणि लोक जिन्यावर आडोशाला थांबले होते. कोरड्या दुपारी घेतलेलं माप अशा जागेबद्दल काहीच सांगत नाही.

रस्ता ओलांडणं

आमच्या मते सगळ्या तपासणीत हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. तीनशे मीटर उत्तम फूटपाथ असला आणि मध्ये एक चौक भीतीदायक असला, तर पालक मुलाला एकटं सोडत नाहीत. मग ते तीनशे मीटर असूनही उपयोगाचे राहत नाहीत.

कर्ब ते कर्ब रुंदी काढा. गाड्यांमध्ये टेप पसरू नका. नकाशावरून घ्या किंवा पहाटे मोजा. सशक्त माणसाचा वेग सेकंदाला १.२ मीटर आणि वयस्कर माणसाचा ०.८ मीटर धरा. १४ मीटरच्या चौपदरी रस्त्याला पहिल्याला सुमारे १२ सेकंद लागतात, दुसऱ्याला साडेसतरा. २१ मीटरच्या सहापदरी रस्त्याला साडेसतरा आणि २६. आता पादचारी सिग्नलचा हिरवा किती सेकंद राहतो, ते पाच फेऱ्यांत मोजा, आणि लाल किती वेळ राहतो तेही. लाल दीड-दोन मिनिटं टिकला की माणसं थांबत नाहीत. लाल दिव्यात धावतात. त्यामुळे हिरवा वाढवण्याबरोबर लाल कमी करण्याचीही मागणी करा. पादचारी हिरवा चालू असताना वळणाऱ्या गाड्याही सुटतात का, हे आवर्जून लिहा. आपल्याकडे बऱ्याच चौकांत हेच सगळ्यांत मोठं संकट आहे.

सिग्नल नसेल तर उपाय स्वस्तापासून सुरू होतात. चौकापासून १० मीटरपर्यंत पार्किंग बंद केलं की मुलाला गाडी आणि गाडीवाल्याला मूल दिसतं. दुभाजकात दीड-दोन मीटर रुंदीची, थांबता येईल अशी सपाट जागा दिली की रस्ता दोन टप्प्यांत ओलांडता येतो. शाळेसमोर फूटपाथच्या पातळीला उचललेलं क्रॉसिंग उत्तम: गाडी आपोआप मंदावते आणि पावसाळ्यात चालणाऱ्याला पाण्यात उतरावं लागत नाही. पण त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी जायला वाट ठेवली नाही, तर ते बंधारा होऊन बसतं.

स्कायवॉकची, म्हणजे रस्त्यावरून उंच नेलेल्या पादचारी पुलाची, मागणी घाईने करू नका. एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) २००८ पासून शहरभर स्कायवॉक बांधले. गर्दीच्या स्टेशनबाहेर काही उपयोगी पडतात. बाकीच्या बऱ्याच ठिकाणी खालून रस्ता ओलांडणारे जास्त दिसतात. रस्त्यावर साडेपाच मीटर मोकळी उंची सोडायची म्हणजे १५ सेंटिमीटरच्या चाळीसेक पायऱ्या चढायच्या आणि तितक्याच उतरायच्या. सरकता जिना किंवा लिफ्ट कायम चालू राहण्याची हमी नसेल, तर जमिनीवरचं क्रॉसिंगच मागा.

सावली, बसायला जागा, उजेड, शौचालय

दुपारी १२ ते ३ मध्ये वाटेचा किती भाग सावलीत आहे, ते पावलांनी मोजा. बसायला दर १५० मीटरला काहीतरी हवं. ४५ सेंटिमीटर उंचीचा साधा कट्टा पुरतो. दुकानांनी पायऱ्यांवर लावलेले खिळे आणि सळ्या नोंदवा. रात्री उजेड तपासायला प्रकाश मोजणाऱ्या अॅपची गरज नाही: चार मीटरवरच्या माणसाचा चेहरा ओळखू येतो का, एवढं बघा. दिवा असूनही फांद्यांत अडकलेला असेल तर तसं लिहा, कारण मग मागणी छाटणीची आहे, खांबाची नाही. स्त्रियांचं सार्वजनिक शौचालय किती अंतरावर आहे, उघडं किती वाजेपर्यंत असतं, पैसे मागतात का, हेही वाटेचाच भाग आहे. ‘राइट टू पी’ चळवळीने मुंबईत हा मुद्दा मांडला तेव्हा तो आरोग्याचा म्हणूनच मांडला होता. मधुमेहाच्या माणसाला डॉक्टर रोज चालायला सांगतात. वाटेत शौचालय नसेल तर तो घराबाहेर फार लांब जात नाही.

मैदान आणि बाग

बाग किती मोठी, यापेक्षा तिचं गेट कुठे आहे, हे आधी बघा. बागेची भिंत तुमच्या इमारतीसमोर आणि एकमेव गेट पलीकडच्या बाजूला असेल, तर नकाशात ५० मीटरवर दिसणारी बाग पायांना ४०० मीटरवर आहे. दुसरं गेट ही कमी खर्चात मोठा फरक पाडणारी मागणी आहे. शिवाजी पार्कचा सुमारे १.२ किलोमीटरचा कट्टा सगळ्या बाजूंनी खुला आहे. कोणत्याही गल्लीतून आलेला माणूस थेट फेरीत सामील होतो. उघडण्या-बंद होण्याच्या वेळा लिहा आणि त्या कोणाला सोयीच्या नाहीत तेही. दुपारी कुलूप असेल तर सकाळपाळीच्या शाळेतली मुलं बाहेरच राहतात.

वापर मोजायला ‘सोपार्क’ नावाची पद्धत आहे. ती सोपी आहे. ठरलेल्या जागी उभं राहा, मैदानावर डावीकडून उजवीकडे एकदाच नजर फिरवा, आणि दिसेल त्या प्रत्येक माणसाची नोंद करा: स्त्री की पुरुष, मूल, किशोर, प्रौढ की वृद्ध, आणि बसलेलं, चालणारं की जोरात खेळणारं. मागे वळून पुन्हा मोजू नका. दिवसात चार वेळा, एक कामाचा दिवस आणि एक रविवार. रकाने भरले की एक गोष्ट बहुधा चटकन दिसते: किशोरवयीन मुली चालणाऱ्या-खेळणाऱ्यांत किती कमी आहेत. मग पुढचा प्रश्न विचारता येतो. क्रिकेटने सगळं मैदान व्यापलं आहे का? मुलींसाठी वेगळी वेळ किंवा कोपरा राखता येईल का?

चालणारी माणसं मोजा

प्रत्येक वाटेवर एक जागा निवडून १५ मिनिटं मोजा आणि चारने गुणा. दोन रकाने करा: फूटपाथवरून जाणारे आणि रस्त्यावरून जाणारे. ‘तासाला एवढ्यांपैकी एवढे लोक गाड्यांमध्ये उतरून चालतात’ हा आकडा वॉर्ड ऑफिसात कुठल्याही फोटोपेक्षा जास्त काम करतो. मुलं, वृद्ध, आणि काठी किंवा व्हीलचेअर घेतलेले वेगळे मोजा. व्हीलचेअर शून्य आली तर ‘इथे गरज नाही’ असा अर्थ काढू नका. ती माणसं खाली उतरूच शकत नाहीत, अशी शक्यता जास्त आहे.

आकडे वाचताना एक सावधगिरी. मुंबईत खूप माणसं पर्याय नाही म्हणून चालतात. गोवंडीच्या पुनर्वसन इमारतींत राहणारी बाई दिवसाला दोन तास चालत असेल, पण दोन इमारतींमधल्या चिंचोळ्या, अंधाऱ्या जागेत तिच्या मुलाला खेळता येत नसेल. मिनिटं जास्त म्हणून वस्ती चांगली, असं होत नाही.

सोसायटीच्या हातात असलेलं

काही दुरुस्त्यांना पालिकेची वाट पाहावी लागत नाही. गेटचा उतार फूटपाथवर बाहेर आलेला असेल तर तो कंपाउंडच्या आत घ्या. फूटपाथ गेटसमोरून सलग गेला पाहिजे, उंची बदलायची ती गाडीने. मागचं गेट सकाळी ६ ते रात्री १० उघडं ठेवा. वॉचमनचा खर्च आणि वाचणारा वळसा दोन्ही कागदावर मांडून सर्वसाधारण सभेत ठराव घ्या. जिन्यात चांगले दिवे लावा. तळमजला ते तिसरा मजला जाणारे बरेच लोक अंधारामुळे लिफ्टकडे वळतात. संध्याकाळी ५ ते ७ आवारातल्या काही गाड्या एका बाजूला घेऊन मुलांना जागा करून द्या, आणि ‘खेळण्यास सक्त मनाई’ ही पाटी काढून टाका. आवाराला फेरी मारता येत असेल तर तिची लांबी रंगवून लिहा. १२५ मीटरच्या आठ फेऱ्या म्हणजे एक किलोमीटर.

अर्ज

लाल, पिवळा, हिरवा अशा तीन रंगांत तुकडे रंगवा आणि सरासरी गुण काढू नका. लाल तुकड्यांतून सगळ्यांत जास्त माणसांना अडवणारे पाचच निवडा. एका समस्येला एक अर्ज. त्यात कुठून कुठपर्यंत (इमारतीचं नाव किंवा दिव्याच्या खांबाचा क्रमांक), टेप दिसेल असा फोटो, मोजलेला आकडा, आयआरसीचा आकडा, तासाला किती माणसं अडतात आणि नेमका उपाय. वीस मुद्द्यांचं निवेदन वेगवेगळ्या विभागांत फिरत राहतं.

फूटपाथ, चर आणि झाकणं वॉर्डच्या मेंटेनन्स विभागाकडे. झाडं आणि बागा उद्यान विभागाकडे. सिग्नलच्या वेळा आणि पार्किंग वाहतूक पोलिसांकडे. उघडं मॅनहोल किंवा लोंबणारी वायर असेल तर अर्ज लिहीत बसू नका, पालिकेच्या १९१६ या क्रमांकावर लगेच फोन करून तक्रार क्रमांक घ्या. मुंबईत १९९७ पासून एएलएम योजना आहे. तुमच्या गल्लीत नोंदलेला गट असेल तर त्याच्या लेटरहेडवर पाठवा. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पादचाऱ्यांचा फूटपाथवरचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात, येतो, असं सांगून अडथळामुक्त आणि अपंगांना वापरता येतील अशा फूटपाथची जबाबदारी राज्यांवर टाकली. एका ओळीत त्याचा उल्लेख करा.

फूटपाथ अलीकडेच बांधलेला असेल तर माहिती अधिकारात कार्यादेशाची प्रत आणि दोष दायित्व कालावधी मागा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कालावधी संपलेला नसेल तर दुरुस्ती कंत्राटदाराने स्वखर्चाने करायची असते, आणि मग ‘निधी नाही’ हे उत्तर चालत नाही.

वेळ साधा. पावसाळ्यात रस्त्यांची खोदकामं बंद असतात आणि ऑक्टोबरपासून सुरू होतात. पालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीत येतो. छोट्या दुरुस्त्यांचे अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये द्या, मोठ्या कामांची मागणी दिवाळीपूर्वी.

चौकाचा मोठा बदल मागायचा असेल तर आधी वाहतूक पोलिसांच्या परवानगीने तो शंकू आणि खडूने करून दाखवा. २०१४ मध्ये वांद्रे-सांताक्रूझच्या ‘इक्वल स्ट्रीट्स’ने आणि २०२२ मध्ये मुंबई पोलिसांच्या ‘संडे स्ट्रीट्स’ने रविवारी सकाळी रस्ते माणसांना मोकळे करून दिले, तेव्हा मुलं, आजी-आजोबा, सायकली सगळे उतरले. एका गल्लीपुरता असा प्रयोग करताना अग्निशमन आणि रुग्णवाहिकेसाठी चार मीटरची पट्टी मोकळी ठेवा, रहिवाशांच्या गाड्यांना माणूस उभा करून सोडा, दुकानदारांना आठवडाभर आधी सांगा. आणि प्रयोगाच्या दिवशीही १५ मिनिटांची मोजणी करायला विसरू नका.

काम झाल्यावर

काम चालू असताना एकदा जाऊन बघा. भराव थरांत ठोकला जातो आहे का, झाकण फूटपाथच्या पातळीत बसलं का, उतार १:१२ आहे का. सिमेंट ओलं असताना टेप लावली तर सुधारता येतं. पुन्हा मोजणी तीन महिन्यांनी, त्याच जागी, त्याच वेळी करा. पहिल्या आठवड्यात नवलाईची गर्दी असते, आणि मेच्या आकड्यांची जुलैशी तुलना करून काही कळत नाही. पहिला मोठा पाऊस झाला की पाण्याची बाटली न घेता नुसतं छत्री घेऊन त्याच तीन वाटांवरून जा. कोणी नवा चर खोदलेला दिसला तर त्याच दिवशी फोटो, जागा आणि खोदणाऱ्या कंपनीचं नाव वहीत लिहा, आणि तो पूर्ववत करण्याची तारीख मेंटेनन्स विभागाकडून लेखी घ्या.